टेम्पोची आंघोळ

प्रज्योतच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. आरटीओच्या पासिंगच्या मैदानात टेम्पो रांगेत उभा आणि हा त्याच्याभोवती गोल गोल फिरतोय. दिवे लावून बघ, हॉर्न वाजवून बघ. ज्या वायपरला वर्षानुवर्षं कोणी विचारलं नव्हतं त्याचीही विचारपूस करून झाली. मासेमारीची बंदी परवा उठणार होती. मढच्या बोटींचा पहिला माल मालाडच्या बाजारात पोचवायचं त्यानं कबूल केलं होतं, आणि पासिंगशिवाय टेम्पो रस्त्यावर काढायची सोय नव्हती. गाडी जुनी. पंधरा वर्षं उलटली की सरकारची फी चढते, उशीर केला तर वर दिवसागणिक दंड. ते सगळं भरून झालं होतं, आता तपासणी तेवढी पार पडायला हवी होती.

टेम्पो कागदावर बापाच्या नावावर, म्हणून अनंताही आला होता. कठड्यावर बसून तो निवांत तंबाखू मळत होता आणि त्या निवांतपणाचाच प्रज्योतला राग येत होता.

इन्स्पेक्टर माधुरी मॅडमनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले. मग पुढच्या उजव्या चाकामागे वाकून चेसिसच्या लोखंडावर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. लोखंडात ठोकलेला नंबर असा कागदावर उतरवून नोंदणीशी जुळवायचा असतो. पहिले काही अंक उतरले, पुढे नुसता गंज.

"नंबर कुठाय?"

"आहे ना मॅडम, तिथंच आहे." प्रज्योतनं रुमालानं खसाखसा घासलं. रुमाल लाल झाला, नंबर काही आला नाही.

"वाचता येत नसेल तर गाडी चोरीची नाही कशावरून?" मॅडम म्हणाल्या. "नंबर कसा गेला ते मालकानं लिहून द्यायचं, पोलिसांचा दाखला आणायचा. परवानगी मिळाली की नवा ठोकायचा, मग पासिंग. आठवडा तरी जाईल."

म्हणजे पहिला माल गेला. प्रज्योतच्या डोक्यात तिडीक गेली.

"आमच्या बाबाला विचारा कसा गेला ते," तो म्हणाला. "लोक दर्याला नारळ देतात. हा दर नारळी पुनवेला टेम्पोच पाण्यात घालतो. म्हणे, बोटीसारखाच पोटाला घालतो, त्यालाही दर्या दाखवायला पाहिजे. मिठानं खाल्लं सगळं. तुझ्या हौसेपायी माझा धंदा बसला, बाबा."

रांगेतले ड्रायव्हर हसले. एकानं विचारलं, साबण पण लावता काय. अनंतानं हातातली तंबाखू टाकून दिली आणि उठून आला.

"लिवा मॅडम," तो म्हणाला. "खाऱ्या पान्यात मीच नेतो. चूक माझी हाय."

मॅडमनी लिहिलं नाही. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, खाली वाकून दोन्ही बाजू पाहिल्या. "पाण्यात दोन्ही चाकं जातात ना? मग डाव्या बाजूचं लोखंड चांगलं कसं? गंज इथंच आहे." उजेड वर सरकला. हौद्याच्या तळातून एक प्लास्टिकची नळी खाली आली होती आणि तिचं तोंड बरोबर नंबराच्या डोक्यावर होतं. "ही कोणी बसवली?"

"मीच," अनंता म्हणाला.

प्रज्योतचे पाय सकाळपासून पहिल्यांदाच थांबले. नळी त्यानं बसवली होती. माशांचं खारट पाणी मागच्या बाइकवाल्यांवर उडायचं, रोज शिव्या पडायच्या, म्हणून त्यानं स्वतः भोक पाडून पाण्याला पुढून वाट काढून दिली होती. तेव्हा बाप म्हणाला होता, तिथं सोडू नको, लोखंड खाईल. आणि हा म्हणाला होता, तुला गाडीतलं काय कळतं? वर्षातून एकदा टेम्पो पाण्यात घालणारा तोच म्हातारा नंतर अंधार पडेपर्यंत गोड्या पाण्यानं त्याचा कोपरान् कोपरा धूत बसायचा, हेही त्याला आत्ताच आठवावं. आज सगळ्यांसमोर झालेलं हसू बापानं मुकाट गिळलं होतं. प्रज्योतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, नळी माझी," तो ड्रायव्हरांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. "बाबा नको म्हणाला होता. मीच ऐकलं नाही."

तसंच लिहिलं गेलं, खाली अनंतानं सही केली. 

पहिला माल दुसऱ्याच्या टेम्पोतून गेला. प्रज्योतनं पोलीस स्टेशन आणि आरटीओच्या खेपा घालून चपला झिजवल्या, नळी काढून मागे वळवली. पुनवेच्या तोंडावर नवा नंबर ठोकून झाला, पासिंगही झालं.

पुनवेला अनंता नवा सदरा घालून, हातात नारळ घेऊन एकटाच किनाऱ्याकडे निघाला. टेम्पोचं त्यानं नावही काढलं नव्हतं. मागून हॉर्न वाजला.

"बस," प्रज्योत म्हणाला.

"नको. नवा नंबर हाय."

"बस रे बाबा."

प्रज्योतनं सावकाश टेम्पो उतारावर घेतला. पुढची चाकं पाण्यात गेली तशी अनंतानं खिडकीतून वाकून खाली पाहिलं, मग हात जोडून नारळ सोडला. नारळ लाटेबरोबर दूर जाईपर्यंत तो बघत राहिला.

"घरी गेल्यावर लगेच धुवायला लागंल," शेवटी तो म्हणाला.

"मागे बघ," प्रज्योत म्हणाला. "गोडं पाणी भरून आणलंय."