थोरलीचा तळवा

मित्रांनो, मी गोधडीचे तुकडे कापणारी एक जुनी मशीन आहे. माझ्या पोटात दोन लोखंडी रोलर आहेत. खाली पात्यांचा साचा, त्यावर कापड, सर्वांत वर प्लास्टिकचा तक्ता. ही चळत माझ्या तोंडाशी लावायची आणि दांडा फिरवायचा. पलीकडून एकसारखे चौकोन बाहेर पडतात. आत येईल ते मी कापते. कापड कोणते आणि बोट कोणते, हे माझ्या रोलरना कळत नाही.

मला दोन जावांनी घरी आणले. थोरलीचे टाके फार सुबक. पण कात्री चालवली की तिचे मनगट भरून येई. मला टेबलावर बसवून देताना कारागीर म्हणाला, "तक्ता दर वेळी उलटा करत जा, बाई. नाहीतर वाकेल."

"वाकडं आम्हाला नवं नाही, आम्ही जावा आहोत!" धाकटी म्हणाली. दोघी पोट धरून हसल्या.

शेजारणी मला बघून गेल्या, कौतुक झाले. मग नव्याचे नऊ दिवस सरले. तेल थांबले. तक्ता कोणी उलटलाच नाही, त्याची कड वर उचलली गेली. म्हणून थोरली तो तळव्याने दाबून धरू लागली आणि धाकटी तोंडाचा पट्टा चालवत दांडा फिरवू लागली. तळवा जवळ आला की मला धडकी भरे. पण मी ओरडणार कशी?

एके दिवशी थोरलीने गेलेल्या नवऱ्याचे सदरे कपाटातून काढले. लेकीसाठी गोधडी करायची होती. पहिल्या सदऱ्याचा खिसा दिसला आणि तिचे डोळे भरले. तळवा तक्त्यावरच राहिला. धाकटी दारातल्या शेजारणीशी बोलत दांडा फिरवत होती. बोटांची टोके आत आली. मला त्यांची ऊब लागली.

तेवढ्यात माझ्या दातेरी चाकाचा झिजलेला दात तुटला. दांडा नुसताच गरगरला.

"मेलीने ऐन वेळी दगा दिला! जाऊबाई, लागलं का हो?"

"काही नाही गं. जरासं चिमटलं."

काल कारागिराने नवे पोलादी चाक बसवले, भरपूर तेल घातले. "आता ही नातवंडांनाही पुरेल," म्हणाला. तक्ता मात्र तोच आहे.

मित्रांनो, आमची निगा राखा, पण आम्हाला माया असते असे समजू नका. त्या दिवशी मी मोडले म्हणून ती वाचली. आता मी मोडणार नाही.

थोरली आली आहे. तिने तळवा तक्त्यावर ठेवला आहे. धाकटीच्या हातात दांडा आहे, आणि ती दाराकडे बघते आहे.