परत न आलेली पत्रं

"पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं," साऱ्या आश्रमाच्या मावशी आपल्या भाचीला बजावत होत्या. "तीस वर्षं टपालखात्यात काढलीत मी. मला नको शिकवूस."

"अगं आत्या, पण दोन वर्षांत तुझ्या मुलाचं एक तरी उत्तर आलंय का?"

"येईल. पहिल्यापासून आळशीच तो. मी इथून हलले आणि नेमका आला, तर?"

"आज नाही म्हणालीस तर माझ्या घरी तुझ्यासाठी ठेवलेल्या खोलीत माझ्या सासूबाई येतील. मग मी तुला माळ्यावर ठेवू का?"

"ठेव सासूला. मला इथं काय कमी आहे?"

वृद्धाश्रमाच्या वाचनखोलीत, कोपऱ्यातल्या प्रिंटरमधून अडकलेला कागद ओढणारा माणूस ऐकत तसाच थांबला. त्याला सगळे मेकॅनिक म्हणत. कॉम्प्युटर त्याच्याकडे, म्हणून नळ, पंखे आणि टीव्हीही त्याच्याचकडे.

*

आश्रमातून निघणारी प्रत्येक मेल त्याच्या सर्व्हरवरून पुढं जायची. दोन वर्षांपूर्वी मावशींनी मुलाला लिहिलेली मेल परत आली. हा पत्ता आता अस्तित्वात नाही. मावशींनी तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी त्यानं सर्व्हरवर एक ओळ लिहिली: मुलाच्या पत्त्यावर निघालेली मेल बाहेर पाठवू नये, या दुसऱ्या पेटीत टाकावी.

ती पेटी त्याची होती.

चार दिवसांपुरतंच, असं तो स्वतःला म्हणाला होता. नवा पत्ता सापडेपर्यंत. पत्ता सापडला नाही. पुढची पत्रं परत आली नाहीत, तशा मावशी पुन्हा जेवायला लागल्या. ओळ तशीच राहिली.

*

पत्र अकरावं. "आज पायाला मुंग्या आल्या. तुला सांगून काय उपयोग, पण सांगते."

पत्र चाळिसावं. "आमच्या मेकॅनिकनं पंखा दुरुस्त केला. आता उलटा फिरतो. छताला मस्त वारा लागतो."

हे वाचून तो एकटाच हसला होता.

पत्र त्र्याण्णवावं, आज सकाळचं. "भाची न्यायला येतेय. खोली तळमजल्यावर आहे, पुढं अंगण आहे. जावंसं फार वाटतं. पण नाही म्हणणार आहे. तुझी-माझी चुकामूक नको."

*

"मावशी," तो प्रिंटरपासून पुढं येत म्हणाला. "ती पत्रं पोचलेली नाहीत."

मग उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. प्रिंटरचा चुरगळलेला कागद मुठीत तसाच होता.

भाची उसळली, "अहो, लाज नाही वाटली?"

मावशींनी हातानंच तिला थांबवलं.

"वाचलीस?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

त्याला मान वर करता येईना. "त्यांच्या नावानं लिहायला हात धजला नाही, मावशी."

"तुझ्या नावानं द्यायचंस की रे."

मग मावशी खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढं बसल्या. "ती ओळ काढ."

त्यानं शेजारच्या टेबलावरून ओळ पुसली. दोनदा चुकलं. मावशींनी एका बोटानं टाइप केलं: "मी भाचीकडे जातेय." पाठवलं. हात मांडीवर घेऊन बसल्या.

मिनिटभरात मेल परत आली.

चष्मा सावरून त्यांनी ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. खालचे आकडेसुद्धा सोडले नाहीत. मग टेबलाचा आधार घेऊन उठल्या.

"चल गं. कपडे भरू."

अर्ध्या तासानं दोघी जिन्याशी आल्या. मेकॅनिक धावत पुढं झाला, त्यानं बॅगेच्या पट्ट्याला हात घातला.

"राहू दे," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आम्ही नेतो."

एक पट्टा भाचीनं धरला, एक त्यांनी. प्रत्येक पायरीवर बॅग आपटत होती.