आईला ओळखू न शकलेला स्फटिक

मी एक जुना स्फटिक आहे, मित्रांनो. असेन साखरेच्या खड्याएवढा. माझी गोष्ट सांगताना मला आजही संकोच वाटतो.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेल्या क्षारातून मला हळूहळू वर ओढलं, कापलं, घासून लख्ख केलं आणि मी प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या ताईंच्या हाती आलो. लेसरचे दोन किरण माझ्या पोटात भेटत. एकावर चित्र असे, दुसरा कोरा. ते भेटले की माझ्यात बारीक रेघा उमटत आणि चित्र साठून राही. कोऱ्या किरणाचा कोन जरासा बदलला की त्याच जागी दुसरं चित्र! असे शेकडो चेहरे मी पोटात घेतले, अगदी रखवालदाराचासुद्धा. मग एखादा फोटो दाखवला, की पडद्यावर नेमका त्या माणसासाठी ठरलेल्या जागी ठिपका चमके. पहिला चेहरा ताईंच्या आईंचा होता.

लोक वाहवा करत आणि मी फुगत असे. पाहुणे आले, की प्रयोगशाळेचे मोठे साहेब आईंचाच फोटो दाखवत. पण प्रत्येक वेळी त्या फोटोचा प्रकाशच माझ्यातल्या आईंच्या रेघा थोड्या पुसून जाई.

"साहेब, आधी याला तापवून रेघा पक्क्या करू या," ताई म्हणाल्या.

"पाहुणे दारात उभे आहेत, आणि तुम्हाला शेकायचं सुचतंय!"

एके दिवशी खुद्द आई आल्या. त्यांची नजर अधू होत चालली होती. दिसतंय तोवर लेकीचं काम बघायचं होतं. त्यांचा फोटो समोर आला. मी जीव तोडून आठवलं. त्यांच्या जागी काळोखच राहिला, आणि ठिपका चमकला रखवालदाराच्या जागी!

सगळे हसले. "खडाच खोटा निघाला," साहेब म्हणाले. ताई गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"हसू नका हो," आई म्हणाल्या. "मला तरी हल्ली समोरचं माणूस कुठे ओळखू येतं?"

त्या मायेच्या शब्दांनी मी लाजेनं आणखीच मेलो.

पुढे बराच काळ मी कपाटात पडून होतो. मग ताईंनी मला बाहेर काढलं, चेहरे नव्यानं साठवले आणि या वेळी तापवून पक्के केले. आईंना पुन्हा बोलावलं. ठिपका अगदी बरोबर जागी चमकला. पण तोवर आईंची नजर पार गेली होती. त्यांनी चाचपडत लेकीचा हात धरला.

"ओळखलं का गं त्यानं?"

"हो आई. लगेच ओळखलं."

"मग झालं तर!" त्या समाधानानं म्हणाल्या.

मित्रांनो, एखादी नाजूक गोष्ट तुमच्या हाती आली, तर मिरवण्याआधी तिची निगा राखा. आपली चूक सुधारता येते. पण ती सुधारेपर्यंत कुणाचे डोळे थांबत नाहीत.