संपतचे बूट

सदाशिव पेठेतल्या पोरांचा चेंडूला चुकून पाय लागला तर ती आधी नमस्कार करतील, अशी कॅम्पातल्या कॉलेजांत चेष्टा चाले. एकाहत्तर साली दिगंबरच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमने ती बंद पाडली. पावसाळ्यापासून एकही मॅच ते हरले नाहीत. आज सत्तरी ओलांडलेल्या दिगंबरला सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण त्या मोसमातला एकेक गोल आठवतो, आणि ऐकणाऱ्याची त्यातून सुटका नसते.

डिसेंबरात लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले, मॅचेस उजेड असेतो उरकू लागल्या. टीमचा हुकमी खेळाडू संपत, खराडीच्या शेतकऱ्याचं पोर. त्याचा थोरला भाऊ सीमेवर होता. आई बायडाबाईंनी भैरोबाला नवस बोलला की, थोरला सुखरूप घरी येईपर्यंत धाकट्याच्या पायात वहाण नाही. संपत सेमीफायनल अनवाणी खेळला, पंचांनी कानाडोळा केला. फायनलचे पंच मात्र नियमाचे पक्के. बूट नसतील तर खेळता येणार नाही, असं त्यांनी आदल्या दिवशीच कळवलं.

कॅप्टन म्हणून दिगंबर सायकल हाणत खराडीला गेला. आता काचेची ऑफिसं आहेत तिथे तेव्हा ज्वारी उभी होती. संपतशिवाय कप हातचा जाणार, हे त्याला दिसत होतं. पण जिचा मुलगा लढाईवर आहे, तिला नवस मोडा म्हणायचं कोणत्या तोंडाने? त्याने कसंबसं सांगितलं. बायडाबाईंनी ऐकून घेतलं, स्वतःच्या वहाणा काढल्या आणि कोपऱ्यात सारल्या.

"देवाशी बोलले मी. त्याच्याबदली मीच चालंन अनवाणी. घालू दे त्याला बूट."

बुटांवरून एवढं रामायण झालं आणि फायनलचा एकुलता एक गोल संपतने मारला तो डोक्याने. तसा आनंद पुढे आपल्याला लग्नातही झाला नाही, असं दिगंबर बायकोसमोर सांगतो.

लढाई थांबली. थोरला धडधाकट परतला, तेव्हा बायडाबाईंनी सगळ्या टीमला मटण जेवू घातलं. निरोप द्यायला त्या अंगणाबाहेर आल्या, तेही अनवाणी. वाटेत बाभळीचे काटे पडले होते.

"मावशी, नवस फिटला ना? आता तरी घाला वहाणा," दिगंबर म्हणाला.

"माझा आला बाबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शेजारच्या सोजरबाईचा नाय आला. तिच्या दारावरनं वहाणा वाजवत कशी जाऊ?"