कोहळा गेटपाशी

या, जवळ सरका. मागच्यांनीही पुढं या, सतरंजी रिकामी आहे. आज पुराणातली नाही, कानडी मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या एका पत्र्याच्या शेडमधली गोष्ट सांगतो. देव यातही आहे. त्याच्या नावानं एक खोटं बोललं गेलंय, तेवढं पोटात घाला.

आयुधपूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची सकाळ. रत्नाकरअण्णा भट्टीच्या खोलीबाहेर पडद्यावरचा आकडा पाहत उभे होते. छोट्या रॉकेटांसाठी घन इंधन बनवणारी ती कंपनी. रबरासारखा मसाला साच्यात ओतायचा आणि घट्ट होईस्तोवर साठ अंशांच्या उबेत ठेवायचा. त्या उबेवर नजर ठेवणं, हे अण्णांचं काम. आधीच्या नोकरीत तीस वर्षं, इथं चार.

आजवर गोळे पाच किलोचे असत. यंदा मसाला नवा आणि गोळा दोनशे किलोचा. हा पराक्रम पुण्याहून आलेल्या मालकांचा, शार्दूलसाहेबांचा. साहेबांचं ज्ञान इतकं, की डोक्यात मावत नसे, सारखं तोंडातून सांडत असे.

"अण्णा, भट्टी साठलाच आहे," हाताखालची रक्षिता हळूच म्हणाली, "पण गोळ्याच्या पोटात अडुसष्ट दाखवतंय."

"सेन्सर गंडलाय," शार्दूल फोनमधून मान वर न काढता म्हणाला. "बाहेर साठ असताना आत अडुसष्ट येणार कुठून? कॉमन सेन्स आहे, यार."

"साहेब, ओल्या गवताची गंज बघितलीत? बाहेरून गार, आत हात घालवत नाही. हे आपलं आपण तापतंय. लहान गोळ्याची ऊब निघून जाते, एवढ्या धोंड्याची जाणार कुठं? स्वल्प ऐका. माणसं बाहेर काढा."

"अकराला इन्व्हेस्टर येतायत. पूजा आतच, गोळ्यासमोर. तुम्ही कापूर नको म्हणालात, ओके, बॅटरीचा दिवा आणलाय. अजून काय हवं? वय झालं, अण्णा. घाबरता तुम्ही."

बॅटरीचा दिवा! देवालाही फसवायची सोय करून आलेला माणूस हा. ह्याला आकड्याचं काय सांगायचं?

अण्णांनी न विचारता भट्टी बंद केली. तरी आकडा एकोणसत्तर झाला. मग सत्तर. आत अकरा माणसं झेंडूच्या माळा बांधत होती.

रोज संध्याकाळी मठात कीर्तनाला बसणारा हा माणूस. देवाची शपथसुद्धा कधी घेतली नव्हती; जीभ विटाळते म्हणे. तेवढ्यात त्यांची नजर साहेबांच्या बोटातल्या निळ्या खड्यावर गेली.

"साहेब, रास कोणती तुमची?"

"मीन. का?"

"म्हणजे साडेसाती. मधली अडीच वर्षं." अण्णांनी खड्याकडं बोट केलं. "साडेसातीतल्या यजमानानं छपराखाली कोहळा फोडला, तर दोष उलटतो. थेट धंद्यावर येतो. देवाचं शास्त्र आहे."

शार्दूलचा फोन पहिल्यांदा खाली आला. "सीरियसली? मग?"

"गेटपाशी. सगळ्यांनी. आत एक माणूसही राहता कामा नये, नाहीतर फळ नाही."

"सरी, सरी," साहेब म्हणाले. तीन वर्षांत कन्नड शिकले ते एवढंच.

समोर दिसणाऱ्या आकड्यावर ज्याचा विश्वास बसेना, त्यानं कधी न पाहिलेल्या शनीच्या धाकानं पाच मिनिटांत शेड रिकामी केली! शिक्षणाला नावं ठेवू नयेत, पण अशा शिकलेल्यांना किती ठेवावीत?

गेटपाशी कोहळा फुटला. आरती झाली. अण्णांनी दुसरी लावली, मग तिसरी. तोवर आलेले पाहुणे घड्याळं बघू लागले. चौथीचं पहिलं कडवं चालू असताना शेडमधून फुसफुस ऐकू आली, मग भली मोठी घरघर. पत्रे उचलले गेले आणि पांढरा जाळ ताडाएवढा उभा राहिला. दहा श्वासांत सगळं संपलं. पण गेटपाशी होते सगळे. अकराच्या अकरा.

"आमचं सेफ्टी कल्चरच असं आहे," शार्दूल पाहुण्यांना सांगत होता. "वेळेत सगळ्यांना बाहेर काढलं मी." पुढच्या महिन्यात त्याच्या बोटात दुसरा खडा आला आणि अण्णांना 'आता विश्रांती घ्या' असं पत्र.

त्या दिवशी गेटबाहेर रक्षितानं विचारलं होतं, "अण्णा, ते शास्त्र कुठल्या पोथीत आहे?"

"कुठल्याच नाही, अक्का."

"मग काय झालं? माणसं वाचली की!"

"माणसं वाचली. खोटं बोललो ते बोललोच."

संध्याकाळी ते मठात गेले. कीर्तन शेवटपर्यंत ऐकलं. आरतीचं तबक फिरत त्यांच्यापुढं आलं. पन्नास वर्षं ज्या ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावले, तिच्याजवळ त्यांचे तळवे गेले आणि मागं आले. तबक त्यांनी शेजाऱ्याकडं सरकू दिलं. तेव्हापासून रोज तसंच. मागच्या खांबापाशी बसतात, टाळ धरतात, ऊब घेत नाहीत.

आता इथंही तबक फिरेल. ज्योतीवर हात धराल तेव्हा रत्नाकरअण्णांची आठवण ठेवा, आणि त्यांच्या वाटणीची ऊब एकदा आपल्या डोळ्यांना लावा.