मला ओलीस ठेवलं होतं

मी कॉर्बू. रंगाने काळा, जातीने कुठलाच नाही आणि स्वभावाने संशयी. कुणी प्रेमाने पाव पुढे केला, तरी मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघतो.

माझा जन्म रुमानियातल्या एका खेड्यात, सावेताच्या गोठ्यात झाला. गावात कुत्री पुष्कळ, माणसं थोडी. कुणी स्पेनला शेतावर गेलेलं, कुणी जर्मनीत बांधकामावर. एक दिवस सावेताही इटलीला निघाली. माझं बघायला मागे कुणी नव्हतं, म्हणून तिने मलाही मिनीबसमध्ये घातलं. वाटेत एका शिपायाने आमचे कागद पाहिले आणि हसून जाऊ दिलं. इतक्या सहज सोडणाऱ्या माणसाचाही मला संशय आला.

इटलीत पो नदीकाठच्या एका गावात ओरेस्ते आजोबा एकटेच राहत. त्यांना सांभाळणं हे सावेताचं काम. आजोबा नव्वदीला टेकलेले, पण संशय घेण्यात माझे गुरू शोभतील असे. वाइनच्या बाटलीवर खडूने रेघ मारून ठेवायचे. सावेताने मक्याची घट्ट लापशी रांधली की म्हणायचे, "ही तुमच्याकडची. आमची अशी नसते." आणि ताट पुसून खायचे.

शेजारची इनेसबाई रोज कुंपणावरून बजावायची, "डोळा ठेवा हो हिच्यावर! बाहेरची माणसं, आज आहेत, उद्या नाहीत."

मी तिच्यावर भुंकायचो. आजोबा मात्र मान डोलवायचे.

असे दोन हिवाळे गेले. मग सावेताच्या लेकीचं, इलिंकाचं, गावी लग्न ठरलं. सावेताने रजा मागितली.

"जा की," आजोबा म्हणाले.

एवढ्या गोडीने ते कधी बोलत नसत. माझे कान उभे राहिले.

निघायच्या सकाळी तिचे बूट सापडेनात. तिच्याकडे तेवढेच धड होते आणि बाहेर नुसता बर्फाचा चिखल. तिने पलंगाखाली पाहिलं, जिन्याखाली पाहिलं. आजोबा स्वयंपाकघरात पिठाच्या पेटीवर बसून होते, ढिम्म. मी पेटी हुंगली. मग त्यांची विजार दातात धरली आणि ओढली.

"अरे सोड, मेल्या!"

ते उठले. सावेताने झाकण उघडलं. बूट पिठात रुतून बसले होते.

"आजोबा, हे काय?"

"तू परत येणार नाहीस."

"येणार म्हणून सांगितलंय ना तुम्हाला?"

"मीही सांगितलं होतं!" आजोबांचा आवाज चिरकला. "बेल्जियमच्या खाणीत गेलो, तेव्हा बायकोला म्हणालो, नाताळला येतो. अकरा वर्षांनी आलो. जाणारी माणसं काय काय बोलतात, ते मला नको सांगूस, पोरी."

बाहेर मिनीबसचा भोंगा वाजला. सावेताने बूट झटकून पायात घातले. मग तिने माझा पट्टा आजोबांच्या हातात दिला.

"कॉर्बू इथे राहील. आता तरी पटलं?"

आणि ती गेली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तिच्या परतीच्या ठरलेल्या शनिवारी आजोबा मला घेऊन चर्चसमोर थांबले. बसमधून उतरलेला एकूणएक माणूस मी हुंगला. सावेता नव्हती.

"सांगत नव्हते मी?" इनेसबाई म्हणाली. "आता हा कुत्राही तुमच्या गळ्यात!"

"तू घरी जा, इनेस," आजोबा म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही पावाला तोंड लावलं नाही. संध्याकाळी त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, तेव्हा पहिल्यांदाच मी त्यांचा दुसरा हात पाहिला नाही.

पुढच्या शनिवारी ती उतरली. घाटात बर्फ पडून रस्ता बंद झाला होता म्हणे. मी धावलो, पण काठी टाकून आजोबा माझ्याआधी पोचले.

"लग्न कसं झालं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"झकास. सगळे म्हणत होते, आता कशाला परत जातेस?"

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, माझा कुत्रा अडकलाय तिथे."

आजोबा मोठ्याने हसले. तीही हसली, पण माझ्याकडे न बघता. तिने आधी त्यांचा मफलर नीट केला, मग मला कुरवाळलं.

आता मी म्हातारा झालोय. दोघांच्या मधोमध शेगडीपाशी पडून असतो, डोळे मिटून, कान उघडे ठेवून. ती नक्की कुणासाठी परत आली, याचा मला अजून संशय आहे. तुम्ही माणसं एकमेकांना बरोबर ओळखता म्हणे. तुम्हाला कळलं असेल, तर एवढं मला सांगून जा.