मिसबाईंची रजा

मिसबाईंना शेवटी कुलपाच्या विंगमध्ये हलवलं. आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. अजून मंगळवार सकाळ आहे आणि मिसबाई माझ्यावर ओरडतायत.

"ए पोरा, गाद्या उन्हात कोण घालणार? तुझा आज्जा?"

वेलिंग्टनजवळच्या आमच्या अप्पर हट गावात ऊन नव्हतं, गाद्या इलेक्ट्रिक होत्या आणि माझे आजोबा कोथरूडला होते. हे तिन्ही मुद्दे मी मांडले. उपयोग शून्य.

मिसबाई म्हणजे आयव्ही पेन, वय एक्क्याण्णव. तरुणपणी इथून बोटीने निघाल्या आणि मराठवाड्यातल्या एका मिशन दवाखान्यात नर्स म्हणून उभं आयुष्य काढलं. थकल्यावर परत आल्या. मग डोक्यातून एकेक गोष्ट जायला लागली. आधी साल, मग पुतण्या, शेवटी इंग्रजी. मराठी तेवढी राहिली. त्यामुळे आयटी शिकायला येऊन वृद्धाश्रमाच्या हॉस्पिटलात केअरगिव्हर झालेला मी, शुभंकर, त्यांचा एकमेव दुभाषी. त्यांच्या मते वॉर्डबॉय. तोही कामचुकार.

मिशनच्या नर्सला काही वर्षांनी मायदेशी लांब रजा मिळायची. मिसबाईंच्या हिशेबाने ही तीच रजा चालू होती. पण रजेत बसून राहील ती मिसबाई कसली! रोज सकाळी राउंड. शेजाऱ्यांच्या चादरी ओढून कोपरे घट्ट करायचे, नाडी बघायची, जीभ बघायची. ह्या बाईंसमोर जीभ बाहेर न काढणारा माणूस मी पाहिलेला नाही.

त्या मंगळवारी त्यांनी शेजारच्या खोलीतल्या ग्रॅहमला डिस्चार्ज दिला.

"बरा झालास. जा घरी," म्हणाल्या आणि बॅग हातात दिली. ग्रॅहमला मराठीचा म येत नाही, पण हातात बॅग आल्यावर कळायचं ते कळतंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्याला घरी जा म्हणालं होतं. ड्रेसिंग गाऊन आणि रबरी चपलांमध्ये तो स्टेशनवर गेला, वेलिंग्टनच्या गाडीत खिडकीशी बसला. लोअर हट येईपर्यंत कुणाला काही वावगं वाटलं नाही. पोलिसांनी उतरवला तेव्हा फार खुशीत होता म्हणे.

"शूब्स, आता बस झालं," आमची मॅनेजर शॅरन म्हणाली. "तिला विचार, ती कुठे आहे आणि इथे काय करते. धड उत्तर दिलं तर राहील आपल्या खोलीत. नाहीतर कुलपाची विंग."

शॅरन वाईट नाही. तोच तर वैताग. वाईट असती तर भांडता आलं असतं.

मी आधी आत जाऊन मिसबाईंना पढवायला बसलो. "एवढंच म्हणा, मी इथे राहते, मी पेशंट आहे. कुलपाआड राउंड नाही घेता येणार तुम्हाला."

"खोटं बोलू?"

"थोडंसं."

"थोडंसं सेप्टिक असतंय का रे?"

"मग मी बोलतो. तुम्ही नुसती मान हलवा."

"देवबापाला इंग्रजी कळतं," मिसबाई म्हणाल्या.

शॅरन आली. मी प्रश्न विचारला. मिसबाईंनी उत्तर देण्याऐवजी तिचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि जीभ मागितली. शॅरनने काढली.

"झोप नाही हिला. हिला रजा द्या. मी बघते वॉर्ड."

"काय म्हणाली?" शॅरनने जीभ तशीच ठेवून विचारलं.

जीभ बाहेर काढलेल्या माणसाशी खोटं बोलणं फार अवघड असतं. मी खरं सांगितलं. शॅरनने जीभ आत घेतली, डोळे पुसले आणि कुलपाची विंग नक्की केली.

दुपारी न्यायला गेलो तर मिसबाई बूट घालून तयार. स्वतःच्याच पलंगाच्या चादरीचे कोपरे घट्ट करत होत्या.

"गाडी आली?"

"आली."

"मग लिही."

मी जेवणाच्या मेनूचा पाठकोरा कागद समोर ओढला.

"माननीय वैद्यकीय अधीक्षक यांस. माझी रजा पूर्ण झाली असून प्रकृती ठणठणीत आहे. तरी मला आजपासून कामावर रुजू करून घ्यावे, ही विनंती. सोबत एक वॉर्डबॉय आणत आहे. कामचुकार आहे, पण शिकेल. त्याचीही सोय व्हावी."